तुळईवरचा ठोका

भिंत पडली तेव्हा रंजना तिच्याखाली होती. रंजना माझी लेक. ठोका मी मारला होता.

आधी आवाज झाला, मग धूळ आली. चकलांब्याच्या त्या घराची माती वर्षानुवर्षं वाळलेली, पिठासारखी पांढरी. डोळ्यांसमोर धरलेला हात दिसेना. कुऱ्हाड हातात तशीच होती आणि दांड्यातून अजून झिणझिण्या येत होत्या. धूळ बसली तेव्हा समोर भिंत नव्हती. भिंतीपलीकडचं कडुलिंबाचं झाड दिसत होतं, जे त्या खोलीतून आजवर कुणी पाहिलं नसेल. रंजना दिसत नव्हती. तिच्या शेजारी घराची मालकीण सोजरबाई उभी होती, तीही दिसत नव्हती.

कोण वाचलं ते शेवटी सांगते. त्या वेळी मलाही माहीत नव्हतं, आणि जेवढा वेळ माहीत नव्हतं तेवढ्या वेळालाच मी तो उन्हाळा म्हणते. बाकीचे दिवस कडेला पडले आहेत.

आता पुन्हा वैशाख आला आहे. गेवराईत गच्च्यांवर कुरडया वाळताहेत, दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, आणि माझ्या वखारीसमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येऊन थांबतात. ट्रॉलीत घरं असतात. म्हणजे घरांची लाकडं. आमच्याकडं घर पाडायचा हंगाम हाच. रान मोकळं झालेलं असतं, हात रिकामे असतात आणि पावसाच्या आत नव्या घराचा स्लॅब टाकायचा असतो. माळवदाची जुनी घरं एकेक करून खाली येतात. वरची पांढरी माती आधी उतरवतात, मग तिच्याखालच्या बारीक फळ्या, त्यांना किलचन म्हणतात, मग तुळया, मग खांब. बांधताना जे शेवटी चढलं ते पाडताना आधी उतरतं. घर उलटं म्हणायचं, शाळेत उलटे पाढे म्हणायला लावायचे तसं.

माझी शाळा चौथीनंतर सुटली आणि डोक्यावर मोळी आली. माझं माहेर चकलांब्याचंच. लग्न होऊन गेवराईला आले, तर सासरीही जळणाचाच धंदा. मालक गेल्यावर वखार मीच चालवते. जळाऊ लाकूड वजनावर विकतात. ओलं लाकूड काट्यावर जड भरतं, म्हणून विकणारा ओलं खपवतो आणि घेणारा ठोकून बघतो. दोन ओंडके एकमेकांवर आपटायचे. वाळलेलं असेल तर खणकन बोलतं, ओलं असेल तर धप्प करतं. लग्नाचे आचारी ठोकतात, खव्याच्या भट्टीवाले ठोकतात, मांजरसुंब्याच्या ढाब्यांवरून टेम्पो घेऊन येणारे ठोकतात. फक्त मयताची लाकडं न्यायला आलेली माणसं ठोकत नाहीत. त्यांना मी न विचारता वाळलेलं देते.

पन्नास वर्षं मी ठोकत आले. हात आपोआप जातो. कुणाच्या घरी लाकडी खुर्ची पुढं केली तरी बसायच्या आधी पाठीवर टिचकी मारते. लोक हसतात. हसू दे.

रंजना पुण्याहून परत आली ती अडतिसाव्या वर्षी. नवरा दुसरीकडं राहायला गेला होता. त्याच्याबद्दल तिनं दोन वाक्यं सांगितली, मी तिसरं विचारलं नाही. पुण्यात ती गिटारी बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात पॉलिशला लागली होती. बारा वर्षांत पॉलिशपासून पाठ जोडण्यापर्यंत सगळं शिकली. कारखान्याचा मालक म्हातारा झाला, त्याच्या मुलांना धंदा नको होता, कुलूप लागलं. निघताना तिनं तिथले दोन साचे, रंधे, फळ्या आवळायचे शिकंजे आणि लाकूड तापवून वाकवायचा एक लोखंडी पाइप मागून घेतला. गाडीतून उतरली तेव्हा कपड्यांची पिशवी एकच होती, बाकी सगळं लोखंड. वखारीच्या मागं पत्र्याची खोली होती, तिथं तिनं ते मांडलं.

गेवराईतले एक गुरुजी जयंतीला विहारासमोर गाणी म्हणतात. पेटी आणि ढोलकी त्यांच्या पार्टीत आहेच, त्यांना गिटार हवी होती. ते रंजनाला म्हणाले, पावसाच्या आत दोन चांगल्या करून दाखव, आम्ही घेतो आणि आणखी चार पार्ट्यांना सांगतो. जमलं तर ती इथं राहणार होती. नाही जमलं तर पुण्यात धुण्याभांड्याची कामं शोधणार होती. तसं ती बोलली नव्हती, पण कपड्यांची पिशवी तिनं रिकामी केली नव्हती.

अडचण लाकडाची होती. पुण्याचा मालक परदेशातलं लाकूड आणायचा. तसल्या एका गिटारीच्या नुसत्या फळ्या घ्यायच्या तर तेवढ्यात आमच्या गुरुजींची आख्खी गिटार आली असती. दुकानात मिळते ती स्वस्तातली प्लायवूडची. रंजना म्हणायची, प्लायवूड पहिल्या दिवशी जसं बोलतं तसंच मरेपर्यंत बोलतं, खरं लाकूड वाजवून वाजवून पिकतं. मी म्हटलं, पिकेल, पण आधी मिळू तर दे.

एका सकाळी ढाब्याचा टेम्पो भरत होतो. तिनं त्यातला सागवानाचा एक तुकडा उचलला, नखानं काजळी खरवडली, नाकाला लावला. कुठं चाललं हे, म्हणून विचारलं. मी सांगितलं, तंदूरला.

"माय, शंभर वर्षं वाळलेलं लाकूड हाय हे," ती म्हणाली. "पुण्यात असलं कुलपात ठेवायचे."

मला वाईट वाटलं का? नाही. जे जाळलं त्यावर माणसांच्या भाकरी झाल्या. पण त्या दिवसापासून ट्रॉली आली की आम्ही दोघी वर चढायला लागलो.

ठोकायची तिची पद्धत वेगळी. फळीचा कोपरा दोन बोटांच्या चिमटीत धरून ती लटकवायची, दुसऱ्या हाताच्या बोटानं हळूच टकटक करायची आणि कान जवळ न्यायची. मी म्हणायचे, वाळलंय. ती म्हणायची, वाळलंय, पण मुकं आहे. लिंबाला ती हात लावत नसे. बाभूळ बोलते म्हणायची, पण जड, गळ्यात अडकवली तर गाणारा वाकेल. आंबा मऊ बोलतो. सागवान बरा, पण तेलकट, डिंक धरत नाही लवकर. मला हे सगळं नाटकी वाटायचं. मग एकदा तिनं मला पाठमोरं बसवलं आणि मागं फळ्या वाजवल्या. पाच फळ्यांतल्या कोणत्या दोन एका झाडाच्या ते मी बरोबर सांगितलं. रंजनानं त्या दोन्ही फळ्या माझ्या मांडीवर आणून ठेवल्या. मला आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू. पन्नास वर्षं जे मी लोकांची लबाडी पकडायला वापरलं, त्याचा दुसराही उपयोग होता आणि मला तो कुणी सांगितला नव्हता.

गिटारीच्या तोंडावरची फळी, जिला भोक असतं, ती हलक्या लाकडाची लागते. सरळ रेषांची, गाठ नसलेली. ती आम्हाला जिनिंगच्या गोदामात मिळाली. परगावाहून यंत्रं येतात ती देवदारी खोक्यांतून, आणि खोकी गोदामामागं उन्हात पडलेली असतात. रंजना एकेक फळी वाजवत बसली. वॉचमननं थोडा वेळ बघितलं आणि आत ओरडून सांगितलं, "बे गण्या, भाईर ये. ह्या बाया खोकी वाजवून बगायल्यात." गण्या आला. दोघं कडेला बसून तंबाखू मळत राहिले. चाळीस-पन्नास फळ्यांतून रंजनानं सहा बाजूला काढल्या. वॉचमन म्हणाला, बाकीच्या काय नापास का? ती म्हणाली, व्हय. तो म्हणाला, मग मार्कं सांग, त्यांच्या बापाला कळवतो. सहा फळ्यांचे त्यानं चहापुरते पैसे घेतले आणि सातवी वर टाकली. सातवी मुकी होती. ती मी चुलीत घातली.

त्या सहा फळ्यांची मी वाट लावली. त्यांची जाड पानं चिरून आणली होती, भाकरीएवढी जाड. रंजना आंघोळीला गेली. मला वाटलं, पोरीला मदत करावी. आमच्या धंद्यात वाळवायचं म्हणजे वाळवायचं, जितकं कडक ऊन तितकं चांगलं. मी ती पानं नेऊन पत्र्यावर पसरली. शेजारीण कुरडया घालत होती, ती म्हणाली, मावशी, यंदा लाकडाचे पापड का? दुपारपर्यंत पापडच झाले. सगळी पानं वळली, दोन मधून तडकली, आणि तडकतानाचा आवाज मी खाली बसून ऐकला. रंजना त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला उरलेली चार पानं सावलीत कशी रचायची ते दाखवलं. मधे चिपाट्या, वर दगड, वारा लागेल पण ऊन नाही. हळू वाळलं पाहिजे, म्हणाली. मी विचारलं, किती हळू? ती म्हणाली, तुला जमणार न्हाई इतकं हळू.

खरंच होतं ते. मला हळू काही येत नाही.

मग चकलांब्याहून निरोप आला की सोजरबाईंचं घर पाडायला काढलंय, लाकूड बघायला या. गावात मोठं म्हणावं असं ते घर. मोळी घेऊन मायबरोबर मी तिथं जायचे तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. मोळी ओसरीखाली उतरायची. पैसे वरून हातावर पडायचे. ओसरीच्या आत काय आहे ते आम्हाला माहीत नव्हतं, फक्त आतून तळणाचा वास यायचा. सोजरबाई त्या घरात सून म्हणून आली ती माझ्याच वयाची. पुढं तिनं पैसे हातात हात लावून दिले, एवढं तिच्याबद्दल सांगितलं पाहिजे. घरात ये मात्र ती कधी म्हणाली नाही, आणि मीही कधी वाट बघितली नाही. तिचे मुलगे आता शेजारीच स्लॅबच्या घरात राहतात.

त्या घराच्या आतल्या खोलीत मी जन्मात पहिल्यांदा गेले ती खोली पाडायची म्हणून. माळवद उतरवलेलं होतं, वर उघडं आभाळ, भिंती तेवढ्या उभ्या. जिथं आम्हाला पाय ठेवायची मुभा नव्हती तिथं ऊन सरळ येऊन पडलं होतं. मला काही विशेष वाटलं नाही. खोली लहान होती. मी मोठी समजत होते.

पाडायचं काम करीमभाईंकडं होतं. त्या भागातली निम्मी जुनी घरं त्यांच्या हातून उतरलेली. सगळ्या तुळया लिंबाच्या आणि बाभळीच्या, एक सोडून. ती एक काळी होती. घरातले समजत होते धुरानं काळी झाली आहे. मी विळ्याच्या टोकानं खरवडलं तर खाली जांभळट रंग निघाला आणि कच्च्या गुळासारखा गोड वास आला. शिसव. पाळणा टांगायची लोखंडी कडी तिच्यात अजून होती, भोवती लोखंडाचा निळसर काळा डाग. करीमभाईंनी तिचं एक टोक सोडवून खाली दगडांच्या चळतीवर टेकवलं होतं. दुसरं टोक अजून भिंतीत होतं, माणसाच्या डोक्याइतकं उंच.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. मालकासमोर लाकडाला नावं ठेवायची. किडलंय, वाळवी लागलीय, न्यायला भाडंसुद्धा सुटणार नाही, असं म्हणत राहायचं. हे मी रंजनाला वाटेत दहा वेळा सांगितलं होतं. तिनं तुळईला कान लावला, बोटानं टकटक केलं, आणि तिचा चेहरा असा झाला की आंधळ्यालाही कळलं असतं.

सोजरबाईला तर चांगलं दिसत होतं. ती माझं नाव घेऊन म्हणाली, "गये, तू काय बी सांग. तुझ्या पोरीच्या तोंडावर भाव लिव्हलाय."

आणि तिनं जळणाच्या दराच्या दुप्पट दर सांगितला. तो दरही गिटारीच्या लाकडाच्या मानानं काहीच नव्हता. मी हो म्हटलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण पन्नास वर्षांत मी पहिला भाव कधी दिलेला नाही. मी म्हटलं, बाई, आतून पोकळ निघेल ही, धुरानं खाल्लेली आहे. ती म्हणाली, न्हाई निघणार. मी म्हटलं, ठोकून दाखवते.

करीमभाई खोलीच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "मावशी, आत्ता ठोकू नका. भिंतीत हाय ती अजून. खाली येऊ द्या, मग कितीबी ठोका."

मी ऐकलं. म्हणजे कानांनी ऐकलं. पण हातात कुऱ्हाड होती आणि समोर लाकूड होतं, आणि समोर लाकूड असताना न ठोकता परत फिरायचं मला ठाऊक नव्हतं. रंजना वरच्या टोकाला, भिंतीजवळ गेली. लाकूड तपासायचं तर एकानं इकडून ठोकायचं आणि एकानं तिकडं कान लावायचा, ही आमची आता रीतच झाली होती. सोजरबाई म्हणाली, मला बी ऐकू दे काय वाजतंय, आणि पदर खोचून तिच्या शेजारी जाऊन कान लावून उभी राहिली. दोघींची तोंडं समोरासमोर. सोजरबाई हसत होती.

मी कुऱ्हाड उलटी धरली आणि पाठीनं एक ठोका दिला. एकच.

तुळई वाजली. पोकळ नव्हती. तो आवाज अजून हवेत होता तेव्हा भिंतीला पोट आलं, जसं भरल्या पोत्याला येतं, आणि पोट फुटलं.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. करीमभाईंनी माझ्या हातातली कुऱ्हाड काढून लांब फेकली. सोजरबाईचे दोन्ही मुलगे पळत आले. कुणीतरी फावडं आणलं, करीमभाईंनी तेही फेकलं आणि सांगितलं, हातानं, फक्त हातानं, दगड उचलून मागं द्या. कुणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. सगळे माझ्याशी इतकं हळू बोलत होते की मला वाटलं, ह्यांना काही कळलंय आणि मला सांगत नाहीत.

तुळई मोडली नव्हती. तिचं खालचं टोक दगडांच्या चळतीवर तसंच होतं आणि वरचं टोक ढिगात घुसलं होतं, तिरपं. करीमभाई म्हणाले, हिच्याखाली पोकळी असेल. लिंबाची किंवा किडलेल्या बाभळीची असती तर मधून मोडली असती आणि पोकळी राहिली नसती. हे मोडण्याचं ते नंतर म्हणाले. त्या वेळी त्यांनी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं आणि माझ्याकडं बघितलं.

मी तुळईच्या खालच्या टोकाला कान लावला. ठोकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा लाकडाला न ठोकता कान लावला. लाकूड उन्हानं तापलेलं होतं. आधी माझंच रक्त ऐकू आलं, धडधड. मग खूप लांबून, लाकडाच्या आतून, खरखर. कुणीतरी नखानं ओरखडत होतं. थांबत होतं आणि पुन्हा ओरखडत होतं.

मी म्हटलं, आहे, जिवंत आहे. सगळे तुटून पडले. मी देवाचं नाव घेतलं नाही, आमच्यात घेत नाहीत. मनात एकच होतं की ती नखं रंजनाची असावीत. शेजारी ते दोन मुलगे स्वतःच्या आईसाठी दगड उचलत होते, त्यांची बोटं सोललेली मला दिसत होती. तरी मला ती नखं रंजनाचीच हवी होती. हे मी लिहून ठेवते, कारण त्या उन्हाळ्याबद्दल लोक माझं दुःख विचारतात आणि हे कुणी विचारत नाही.

नखं सोजरबाईची होती. तिला ओढून बाहेर काढली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, खांदा निखळलेला. मुलगा तिला उचलायला गेला तर तिनं चांगल्या हातानं त्याला बाजूला सारलं. ती म्हणाली, "मला सोड. पोरगी माझ्या पायाखाली हाय. तिचं डोकं लागत हुतं मला."

मग तिथं उकरलं. रंजना निघाली ती हालत नव्हती. डावा हात दगडाखाली अडकलेला. तोंडात माती भरलेली. मी तोंडात बोट घालून माती काढली. लहानपणी माती खायची तेव्हाही अशीच काढायचे, त्या वेळी चावायची. आता चावली नाही. करीमभाईंनी छातीला कान लावला आणि म्हणाले, चालू आहे. 

सोजरबाईच्या मुलानं जीप काढली. पुढच्या सीटवर त्याची आई खांदा धरून बसली, मागं रंजनाचं डोकं माझ्या मांडीवर. गेवराईला बघितलं आणि पुढं बीडला न्यायला सांगितलं. तो रस्ता मी किती वेळा गेले असेन. त्या दिवशी रस्त्याच्या कडेचा एकेक ढाबा दिसला की माझं लक्ष त्यांच्या लाकडाच्या ढिगाकडं जायचं, वाळलेलं की ओलं. मन असं असतं. त्याला तेवढंच येतं.

दवाखान्यात पहिले तीन दिवस ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, वाट बघायची. हाताचं नंतर बघू. वाट बघण्याइतकं हळू काम मला कधीच जमलं नव्हतं, ते आता शिकावं लागलं. सिस्टर रोज तिचा कान कापसानं पुसायची आणि रोज कापसावर पांढरी माती निघायची. ज्या कानानं ती ऐकत होती त्यात त्या घराची माती गेली होती. मी बाकड्यावर बसायचे. बाहेर गुलमोहर फुललेला होता, फार लाल. मला तो आवडला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोजरबाई आली. हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. बाकड्यावर जागा होती तरी ती माझ्या शेजारी खाली फरशीवर बसली, कारण मी तेव्हा खाली बसले होते. भाकरी सोडली, म्हणाली खा. मी खाल्ली. माझ्या ठोक्यानं तिचा खांदा गेला होता, त्याबद्दल मी काही बोलले नाही, तिनंही काढलं नाही.

भाकरी संपल्यावर मी म्हटलं, ती तुळई फोडा आणि चुलीत घाला. मला ती दिसायला नको.

ती म्हणाली, "तुळई मपली हाय. तुझ्या हुकमानं न्हाई जळायची. सावलीत ठिवलीय, वरून गोणपाट टाकलंय."

मी विचारलं, "कावून?"

"पोरगी उठल्यावर इचारंल."

मी म्हटलं, आणि नाही उठली तर? तिनं फडकं झटकलं, घडी केली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उठली. तिला उठायला आधार लागत होता म्हणून ठेवला असेल. पण उठून झाल्यावरही तिनं तो थोडा वेळ तसाच ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी रंजनानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पाणी प्यायली आणि पुन्हा झोपली. संध्याकाळी मला ओळखलं. पाचव्या दिवशी ती छताकडं बघत पडली होती. मी तिच्याकडून शिव्या खायची तयारी करून बसले होते. ती म्हणाली, "माय, तिला वरच्या टोकाला चीर हाय. आवाज तिथं फुटत हुता. दीड हात कापून टाकावं लागंल."

तुळई चिरायला नेली तेव्हा त्या टोकाला चीर निघाली, दीड हाताला चार बोटं कमी. बाकीची तुळई निर्मळ होती. रुंदीला कमी, म्हणून पाठ तीन पट्ट्या जोडून करावी लागली. गुरुजींच्या दोन गिटारी पावसाच्या आत झाल्या नाहीत, दिवाळीनंतर झाल्या. तोपर्यंत ते थांबले. सोजरबाईनं तुळईचा दर तोच घेतला, दुप्पट, एक पैसा सोडला नाही. मीही घासाघीस केली नाही.

रंजनाच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. तारा दाबता येत नाहीत, म्हणून गिटार पुरी झाली की वाजवून बघायला गुरुजींना बोलवावं लागतं. रंधा मारता येतो. सोजरबाईचा खांदा बसला, पण थंडीत दुखायचा. पुढं दोन वर्षांनी ती स्लॅबच्या घरात, खाटेवर, वयानं गेली. त्या भिंतीनं नाही.

भिंतीखाली दोघी होत्या. सोजरबाई वाचली. रंजना वाचली.